चाखणीनं अडवलेलं पाणी

डिशवॉशरच्या तळाशी चार बोटं पाणी उभं होतं. वर तुपाचा तवंग, त्यात फिरणारं कोथिंबिरीचं एक पान, आणि वास असा की शिळ्या आमटीनंही तोंड फिरवावं. चंद्रकलाबाई बिराजदार त्या पाण्यासमोर गुडघे टेकून बसल्या होत्या. आज तिसरा दिवस. मशीन भांडी धूत होतं, लख्ख धूत होतं, पण धुतलेलं पाणी सोडायला काही तयार नव्हतं.

“प्रणाली, बादली आण. आणि तो जुना स्टीलचा मग.”

सून बादली घेऊन आली. “आई, मशीनवाल्या मुनीरभाईंना फोन करू का?”

“कशाला? तीस वर्षं खानावळ चालवली मी. रोज सव्वाशे पोरं जेवायची. मोरी तुंबली म्हणून कुणाच्या बापाला बोलावलं नाही कधी. हे तर एवढंसं खोकं.”

खोकं एवढंसं असलं तरी त्याची मोरीशी बरोबरी नव्हती, आणि ते चंद्रकलाबाईंनाही ठाऊक होतं. या कॉलनीत पाणी नुसतं वापरायचं नसे, परत करायचं असे. धरण सलग दोन उन्हाळे कोरडं पडलं, त्यानंतर शहराच्या कडेला ही वापसी वसाहत उभी राहिली. दर घराला सकाळी मोजून दोनशे लिटर पाणी मिळे, आणि त्यातलं दीडशे लिटर, वापरलेलं का होईना, दिवस मावळायच्या आत वापसी नळीतून मागच्या शुद्धीकरण केंद्रात जावं लागे. तेच गाळून, निवळून दुसऱ्या सकाळी पुन्हा नळाला येई. ओट्यावरचे नळ सील केलेले. हातानं भांडी घासायला बंदी. पाच लिटरात घरादाराची भांडी धुणारं मशीन प्रत्येक घरात बसवलेलं.

आता जे पाणी उद्या शेजाऱ्याच्या पेल्यात जाणार, ते नळीत सोडण्याआधी कुणीतरी चाखून बघायलाच हवं. म्हणून मशीनच्या पोटात, पाणी उपसणाऱ्या पंपाच्या जरा अलीकडे, अंगठ्याएवढी एक चकती होती. कंपनीच्या पुस्तकात तिचं नाव ‘बहिर्जल परीक्षण एकक’. कंपनीवाल्यांना असली नावं ठेवायची भारी हौस. हाक मारायला मात्र त्यातलं एकही उपयोगी पडत नाही. कॉलनीतल्या बायका तिला चाखणी म्हणत.

चाखणी सुरुवातीला विष, साबण आणि जंतू तेवढे ओळखायची. मग शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की उष्ट्या ताटाला माणसाची लाळ लागलेली असते आणि लाळेत माणसाचं पुष्कळ काही उतरलेलं असतं. रक्तातली साखर, कावीळ, आणि शरीरात कुठे गाठ धरू लागली असेल तर तिनं सोडलेले बारीक कण. तेव्हापासून चाखणी आजारही सांगू लागली. कुठल्या ताटावर काय सापडलं हे कळावं म्हणून प्रत्येक ताटाच्या बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढी खूण बसवली गेली. खूण नसलेलं ताट मशीन आत घेतच नसे. पाण्याचा पहिला फवारा एकेका ताटावर वेगळा मारायचा, तो चाखायचा, ज्याचं ताट त्याच्या नावावर आकडा लिहायचा, आणि मग सगळी भांडी एकत्र धुवायची, असा तिचा शिरस्ता. बिराजदारांच्या घरात तीन ताटं होती. एक नंबर चंद्रकलाबाईंचं, दोन नंबर मुलाचं म्हणजे विश्वजीतचं, तीन नंबर सात वर्षांच्या नातीचं, स्वराचं.

चंद्रकलाबाईंनी मगानं पाणी उपसून बादलीत घेतलं. मग तळातली गोल जाळी डावीकडे फिरवून उचलली. लिंबाची बी निघाली, शेंगदाण्याची फोलपटं निघाली. ते ठीक. पण त्याखाली बोराएवढे मऊ, पांढुरके गोळे साचले होते. त्यांनी एक बोटात धरून चेंगरला. ज्वारीची भाकरी. चावून चावून पार लगदा केलेली, आणि गिळायच्या आधी तोंडातून काढलेली.

“हे कुणाचं?”

प्रणालीनं बघितलं न बघितलंसं केलं. “स्वराचं असेल.”

“स्वराचे पुढचे दात पडलेत. हे दाढेखालचं आहे. चावणाऱ्यानं जीव लावून चावलंय आणि मग थुंकलंय. नको होतं तर पानात घ्यायचं कशाला?”

“पानात टाकलेलं तुम्हाला चालत नाही.”

“म्हणून मशीनला भरवायचं? तरीच म्हणते, मी वाढते दोन भाकऱ्या आणि तू दिसतेस ओढणी गुंडाळलेल्या बांबूसारखी. बारीक व्हायचं खूळ घेतलंय डोक्यात. फोटो काढायचे असतील.”

प्रणालीनं जाळी घेतली आणि बादलीतल्याच पाण्यात ब्रशनं घासली, बोटांनी कोपरे साफ केले आणि परत दिली. चंद्रकलाबाईंनी पंपावरचं झाकण काढून पातं बोटानं फिरवलं. गरगर फिरलं. उलटं पाणी आत येऊ नये म्हणून बसवलेली रबरी झडप दाबून पाहिली. ती उघडत होती, मिटत होती. मागचा नागमोडी पाइप सोडवून दोघींनी अंगणात नेला आणि त्यात फुंकर मारली. आरपार. सगळं जोडलं, मशीन लावलं. पाऊण तासानं दार उघडलं तर पुन्हा चार बोटं पाणी आणि दारावर नारिंगी दिवा.

दिव्याखाली अक्षरं होती. चंद्रकलाबाईंची शाळा चौथीत सुटलेली. अक्षर लागायचं, पण कंपनीचं मराठी म्हणजे दगड चावायचा. “परी... परीक्षणार्थ बहिर्जल राखीव. राखीव? पाणी काय बसमधली सीट आहे?”

“म्हणजे मुद्दाम धरून ठेवलं असेल का त्यानं?”

“तू गप. मशीनला कसलं आलंय मुद्दाम.”

तीन दिवसांत त्यांनी सहा वेळा असं पाणी उपसलं होतं आणि अंगणातल्या जास्वंदीला घातलं होतं. जास्वंद तरारली, पण वापसीच्या मापात रोज दहा लिटर कमी भरू लागले. मापावरचा काटा तांबड्यात गेला. दारावर ‘आदर्श वापसी घर’ अशी हिरवी पाटी होती, सलग पाचव्या वर्षीची. आजही पाणी कमी भरलं तर उद्या सकाळी केंद्राचा माणूस येऊन ती उतरवणार होता, सगळ्या गल्लीदेखत. तेवढ्यासाठी चंद्रकलाबाईंनी मान तुकवली.

“लाव त्या मुनीरला फोन.”

मुनीर पटवेकर तासाभरात आला. पन्नाशीचा माणूस. आधी बोअरचे पंप दुरुस्त करायचा. बोअर आटल्या तेव्हा मशीनकडे वळला.

“मावशी, तुमच्या आमटीवर आयटीआय पास झालो मी.”

“ते माहितीये. पास झालास तरी एका पंपाला दोन-दोन तास लावतोस, तेही माहितीये. चपला बाहेर काढ आणि हात घाल.”

मुनीर हसला, पण त्यानं हात घातला नाही. पिशवीतून वहीएवढं यंत्र काढलं आणि मशीनच्या दाराला टेकवलं. यंत्रावर आकडे सरकू लागले. त्याचं हसू ओसरलं.

“हे बिघडलेलं नाही.”

“मग नाटक करतंय?”

“पाणी धरून ठेवलंय. कायदाच आहे तसा. चाखणीला काहीतरी असं सापडलंय, की पाण्याचा नमुना आरोग्य केंद्राच्या हातात गेल्याशिवाय ती थेंब सोडणार नाही. तुम्ही उपसत होता काय?”

“सहा वेळा.”

“म्हणजे सहा वेळा तिनं तुमच्यासाठी अडवून धरलं आणि सहा वेळा तुम्ही झाडाला घातलंत.”

“भाषण नको. कुठलं ताट?”

“दोन नंबर. विश्वजीत बिराजदार.”

चंद्रकलाबाईंचा राग टाळूला पोचला. “पुन्हा तेच! अरे, दिवाळीत हेच सांगितलं होतं या सटवीनं. दोन नंबरच्या ताटात गाठीचे कण. माझा चांगला धडधाकट पोरगा! दुसऱ्या दिवशी हैदराबादला नेला त्याला. घशातून पोटापर्यंत दुर्बीण घातली. काही नाही. महिन्यानं पुन्हा दिवा, पुन्हा दुर्बीण. काही नाही! पोरगं भीतीनं अर्धं झालं. रोज आरशात जीभ बघायचा. शेवटी मीच कंपनीला फोन केला आणि झाडले चांगले. म्हटलं, तुमची चाखणी खोटारडी आहे, माझ्या पोराच्या नावानं ओरडायचं बंद करा.”

“आहे इथे,” मुनीर यंत्रात बघून म्हणाला. “जानेवारी. दोन नंबरच्या सूचना बंद. विनंती चंद्रकला बिराजदार.” त्यानं मान वर केली. “मावशी, सूचना बंद केली म्हणून चाखणी चाखायची थांबत नाही. दिवाळीत आकडा होता चौदा. मार्चमध्ये एकतीस. आज एकशे बारा. शंभराच्या वर गेला की मग ती कुणाचं ऐकत नाही, पाणीच अडवते. आणि असा पायरी-पायरीनं चढलेला आकडा खोटा नसतो. मशीन चुकलं तर कसंही उड्या मारतं, शिस्तीत चढत नाही.”

“कालचा किती?”

“काल दुपारी सव्वादोनला एकशे दहा. संध्याकाळी एकशे अकरा.”

“काल?” चंद्रकलाबाई उभ्या राहिल्या. “विश्वजीतला बारा दिवस झाले जैसलमेरला जाऊन. सोलरच्या कामावर आहे तो.”

मुनीरनं यंत्र खाली केलं. “मग दोन नंबरच्या ताटात जेवतंय कोण?”

हे विचारायचं कारण नव्हतं. त्या घरात कोण कशात जेवतं हे चंद्रकलाबाईंनीच ठरवलेलं होतं.

त्यांची सासू नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायची. चंद्रकलाबाई स्वतः कधी तशा जेवल्या नाहीत. खानावळीच्या धबडग्यात नवरा कधी जेवून उठला हेही त्यांना कळत नसे. ती रीत मेलीच होती. पण पाणी गेलं आणि मेलेली रीत नवं कारण घेऊन दारात उभी राहिली. एका ताटामागे मशीन पाऊण लिटर पाणी घेई. कॉलनीच्या सभेत कुणीतरी हिशेब मांडला, की नवरा-बायको एका ताटात जेवले तर उन्हाळ्याचा एक आठवडा निभेल. सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती चंद्रकलाबाईंनी. एका ताटात म्हणजे कसं, हे सभेत कुणी बोललं नाही. घरोघर त्याचा अर्थ मात्र एकच निघाला. आधी तो, मग ती. पुढे कंपनीचा माणूस ताटं नोंदवायला आला तेव्हा त्यानं विचारलं होतं, “आणि सूनबाईंचं?” चंद्रकलाबाई म्हणाल्या होत्या, “तिचं वेगळं कशाला? ती नवऱ्याच्या ताटात जेवते.” तो माणूस मान डोलावून पुढच्या घरी गेला होता. हिरवी पाटी त्याच वर्षी लागली.

प्रणाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात जाळी घासायचा ब्रश.

“तुला घास उतरत नाही?” चंद्रकलाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

“पाणी उतरतं. पातळ वरण उतरतं. भाकरी नाही उतरत.”

“कधीपासून?”

“गणपतीपासून.”

“गणपती! नऊ महिने होतील! आणि तोंडाला काय कुलूप लावलं होतंस? बोलता येत नव्हतं?”

“बोलले होते, आई. मोदकाचा घास छातीत अडकला तेव्हा. तुम्ही म्हणालात, पाणी पी घोटभर, पाहुण्यांसमोर नखरे नकोत.”

चंद्रकलाबाईंना आठवलं. वाक्य आठवलं, आणि त्या वाक्यावर पाहुण्यांमध्ये पिकलेला हशाही आठवला. त्यांची वाक्यं लोकांना आवडायची.

“मग विश्वजीतला सांगायचंस.”

“त्यांना सांगणारच होते. तेवढ्यात त्यांच्या नावाचा दिवा लागला. घरात सगळे त्यांच्याच मागे. मला वाटलं, त्यांना एवढं मोठं काही निघालंय, त्यात माझं कुठे पित्ताचं सांगत बसू.”

मुनीर तोंड फिरवून मशीनच्या दाराशी उगाच काहीतरी करू लागला.

दुपारी आरोग्य केंद्राची बाई आली. निळा कोट, खांद्याला थंड पेटी. तिनं मशीनच्या तळातलं पाणी नळीनं ओढून बाटलीत भरलं, बूच लावलं आणि यंत्राला बाटली दाखवली. बाटलीवर पट्टी छापून आली. विश्वजीत बिराजदार, पुरुष, वय एक्केचाळीस.

“हे चुकलंय,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. “तो इथे नाहीच. जेवणारी ही आहे. हिचं नाव लिहा. प्रणाली.”

“नाव ताटावरून येतं, आजी. माझ्या हातात नाही.”

“हातात नाही म्हणजे? पेन आहे ना हातात? खोडा आणि लिहा!”

“खोडलं तर नमुना बाद होतो.”

“अहो, माणूस समोर उभं आहे! धडधडीत उभं आहे! ते दिसत नाही आणि ताट दिसतं तुम्हाला?”

बाई वाईट नव्हती. तिनं प्रणालीकडे पाहिलं, गालाची हाडं पाहिली, मनगट पाहिलं. “यांच्या नावावर ताट कुठलं?”

चंद्रकलाबाई मांडणीवरच्या तीन ताटांकडे बघू लागल्या. बाईनं बाटली पेटीत ठेवली. “मोठ्या रुग्णालयात तारीख येईल. ती त्यांच्याच नावावर येईल. तुम्ही यांना घेऊन जा आणि तिथे सांगा. जोरात सांगा.”

नमुना नोंदवला गेला तसा मशीनचा नारिंगी दिवा विझला. पंप घरघरला आणि तळातलं उरलेलं पाणी गडगड करत नळीतून निघून गेलं. वापसीचा काटा हिरव्याकडे सरकला. त्या घरात तो बघायला कुणाला सवड नव्हती.

पायरीवर बसून चपला घालता घालता मुनीरनं यंत्रात काहीतरी शोधलं आणि बोटांवर मोजून पाहिलं. बाई निघाली तेव्हा त्यानं तिला थांबवलं.

“मॅडम, या गल्लीच्या लाइनवर एकशे चाळीस घरं आहेत. शिधापत्रिकेवर माणसं सहाशे बारा. ताटं चारशे ऐंशी.”

“मग?”

“मग काही नाही. चार वर्षं हे यंत्र खांद्यावर घेऊन फिरतोय. कुणाच्या मशीनला काय झालं ते बघतो. ही बेरीज आज पहिल्यांदा केली.” तो उठला, आणि उठता उठता पुन्हा म्हणाला, “माझ्या घरात माणसं पाच. ताटं चार.”

बाईनं पेटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “वर कळवते,” ती म्हणाली. ती ज्या आवाजात म्हणाली, त्यावरून वर कोण असतं आणि तिथे काय पोचतं याचा मुनीरला अंदाज आला.

तारीख आली, आणि ती विश्वजीतच्याच नावावर आली. मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीवर चंद्रकलाबाई चार दिवस भांडल्या. “पेशंट पुरुष आहे,” खिडकीतला माणूस म्हणायचा. “तपासून बघ की मग पुरुष आहे का!” त्या म्हणायच्या. रांगेतले लोक हसायचे. पूर्वी असं कुणी हसलं की चंद्रकलाबाईंना अंगात बळ आल्यासारखं वाटायचं. आता तेच हसणं कानात गरम तेल ओतल्यासारखं लागायचं, पण जीभ थांबवली तर खिडकी बंद होईल म्हणून त्या बोलत राहायच्या. प्रणाली बाकावर बसून असायची, मांडीवर पाण्याची बाटली. चौथ्या दिवशी पाणीही नीट उतरेना, ते नाकातून परत आलं. ते एका नर्सनं बघितलं आणि तिला आत घेतलं. चार दिवसांच्या भांडणानं जे झालं नाही ते एका ठसक्यानं झालं.

विश्वजीत जैसलमेरहून आला तो थेट तिथेच. त्याला आईनं फोनवर सगळं सांगितलं होतं. तो आईशी एक अक्षरही बोलला नाही. एकदाच, चहाच्या टपरीवर, पेला हातात धरून म्हणाला, “सहा महिने मी आरशात जीभ बघत होतो आई. माझ्या मागे उभी राहून तीच मला म्हणायची, काही नाही हो, सगळं चांगलं आहे.” मग पेला तसाच ठेवून निघून गेला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पडद्यावर अन्ननलिकेचं चित्र लावलं आणि सावकाश, सोप्या शब्दांत सांगितलं. गाठ अन्ननलिकेत, मधोमध. तिथून यकृतात उतरलेली. शस्त्रक्रियेची वेळ गेलेली. नळीत एक जाळीचा पोंगा बसवता येईल, म्हणजे पेज, दूध, ताक पोटात जाईल. औषधानं दुखणं कमी ठेवता येईल.

“किती दिवस?” विश्वजीतनं विचारलं.

“दिवाळीपर्यंत म्हणणंसुद्धा अवघड आहे.”

“आणि मागच्या दिवाळीत कळलं असतं तर?” हे चंद्रकलाबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला. खरं सांगावं की नाही असा तो विचार होता, आणि चंद्रकलाबाईंना तो कळला. “चौदा आकडा म्हणजे वरच्या अस्तरावरची नुसती खूण असते,” त्या म्हणाल्या. “दुर्बिणीतूनच खरवडून काढतात. सकाळी आलेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी जातो. गेल्या वर्षी या रुग्णालयात अशी एकशे नव्वद माणसं वाचली, फक्त चाखणीमुळे. फार गुणी यंत्र आहे ते.”

चंद्रकलाबाईंनी पदराचं टोक हातात घट्ट पिळलं. यंत्र खोटं निघालं असतं तर त्या त्याला शिव्या देऊ शकल्या असत्या. जन्मभर पुरल्या असत्या एवढ्या शिव्या त्यांच्याकडे होत्या.

पोंगा बसवला त्याच्या तिसऱ्या सकाळी त्या तांदळाची पेज घेऊन वॉर्डात आल्या. दोनदा गाळलेली, कोमट, मीठ बोटानं चाखून घातलेली. विश्वजीत स्वराला शाळेत सोडायला गेला होता. खिडकीतून कोरडं ऊन प्रणालीच्या पायांवर पडलं होतं. तिनं चार चमचे घेतले, पाचव्याला हात वर केला. चंद्रकलाबाईंनी वाटी खाली ठेवली. गप्प बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्या बोलू लागल्या. कंपनीवर केस टाकते म्हणाल्या. तो ताटं नोंदवणारा माणूस शोधून काढते म्हणाल्या. मुनीर घरोघर फिरतोय, ज्यांची ताटं नाहीत त्यांची नोंदवून घेतोय, आणि काही घरांत सासवा त्याला दारातूनच परत लावताहेत, पाणी वाढेल म्हणून. त्यांच्या दारात मी स्वतः जाते आणि एकेकीला बघून घेते म्हणाल्या.

“त्या मशीननं तुझं नाव सांगितलं असतं ना,” त्या म्हणाल्या, “नुसतं एकदा, दिवाळीत, तुझं नाव सांगितलं असतं...”

“आई,” प्रणाली म्हणाली.

आवाज अगदी बारीक झाला होता. चंद्रकलाबाईंना ऐकायला वाकावं लागलं.

“त्यांचं नाव आलं तेव्हा कढईत करंज्या होत्या. अर्ध्या तळलेल्या. तुम्ही गॅस बंद केलात आणि तशाच, पिठाच्या हातांनी, रस्त्यावर जाऊन गाडी थांबवलीत. चपलासुद्धा घातल्या नव्हत्या तुम्ही. मी बघत होते.”

“मग? आईचा जीव असतो बाई.”

“हो. मी तेच इथे पडल्या पडल्या आठवत होते.” प्रणालीनं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. आज वार कोणता हे विचारावं, तसं तिनं विचारलं. “त्या दिवशी दिव्याखाली माझं नाव असतं, तर तुम्ही गॅस बंद केला असतात का?”

चंद्रकलाबाईंनी तोंड उघडलं.

“पटकन नका सांगू,” प्रणाली म्हणाली. “आठवून सांगा. केला असतात का?”